विद्यापीठाचं नाव कुणाच्या बापाचं?

दोस्तहो, निकालपत्र वाचणं हे वकिलाचं काम, असं आपल्या डोक्यात भरवून दिलंय. आपण कविता वाचायच्या, कथा वाचायच्या आणि त्यांच्यावर भांडत बसायचं. पण कवितेनं कुणाचं शिक्षण बंद पडत नाही. निकालानं पडतं. म्हणून या खेपेला कवितासंग्रह बाजूला ठेवलाय आणि एक निकाल पुढ्यात घेतलाय. शब्द कुठं वाकवलाय, कुठं लपवलाय, कुणाच्या तोंडी घातलाय, हे आपण कवितेत बघतोच. तेच इथं बघू.

निकाल मुंबई हायकोर्टाचा. तारीख १२ मार्च २०२५. मामला असा की रामदास के. एस. हा केरळचा दलित पोरगा मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, म्हणजे टिसमध्ये, सरकारी फेलोशिपवर पीएच.डी. करत होता. डाव्या विद्यार्थी संघटनेचा कार्यकर्ता. जानेवारी २०२४ मध्ये नव्या शैक्षणिक धोरणाच्या विरोधात दिल्लीत संसदेवर मोर्चा निघाला, त्यात हा गेला. हातात बॅनर. बॅनरवर विद्यार्थी संघटनेचं नाव आणि त्याला जोडून ‘टिस’ ही दोन अक्षरं. त्याच महिन्यात आनंद पटवर्धनांचा ‘राम के नाम’ बघा असं त्यानं लोकांना सांगितलं. १९९२ सालचा माहितीपट, ज्याला खुद्द सरकारनं राष्ट्रीय पुरस्कार दिलाय तो. झालं. १८ एप्रिल २०२४ ला संस्थेनं त्याला दोन वर्षांसाठी निलंबित केलं आणि संस्थेच्या सगळ्या आवारांत पाय ठेवायला बंदी घातली. सगळ्या म्हणजे मुंबई, हैदराबाद, गुवाहाटी आणि आपलं तुळजापूरसुद्धा. नोटिशीत जुनेही हिशेब होते, डायरेक्टरच्या बंगल्यासमोर रात्री झोपला वगैरे. पण दिल्लीचा मोर्चा हा त्यातला कणा.

पोरगा हायकोर्टात गेला. हायकोर्टानं अर्ज फेटाळला. कारण काय दिलं, ते माझ्या शब्दांत सांगतो. मोर्चा राजकीय हेतूचा होता. बॅनरवर संस्थेचं नाव असल्यानं ही मतं संस्थेची आहेत असा लोकांचा समज झाला. विद्यार्थ्याला हवं ते राजकीय मत असू द्या, पण मग तसं ते संस्थेलाही असू शकतं. आणि पैशाची मदत घेत असताना त्यानं संस्थेची बदनामी केली.

म्हणजे भांडण दोन गोष्टींचं आहे. नाव आणि पैसा. विचाराचं भांडण कुणी केलंच नाही. शैक्षणिक धोरण बरं का वाईट, पोराचं म्हणणं खरं का खोटं, याच्या जवळपासही कुणी फिरकलं नाही. सगळं बॅनरवरच्या दोन अक्षरांवर.

आता नाव म्हणजे काय हे मराठवाड्याला कुणी शिकवू नये. २७ जुलै १९७८ ला महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला की मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं. त्यानंतर काय झालं हे आपल्या आज्याआजीला विचारा. परभणी, नांदेड, बीड, औरंगाबाद, गावोगाव आपल्या वस्त्या पेटल्या. टेंभुर्णीत पोचीराम कांबळेंना मारलं. सोळा वर्षं गेली. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं. मग कुठं १४ जानेवारी १९९४ ला नाव मिळालं, तेही ‘मराठवाडा’ मागं ठेवून. नामांतर मागितलं होतं, नामविस्तार हातावर टेकवला. आणि आठच महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९९४ ला, नांदेडचं विद्यापीठ झालं नि परभणी जिल्हा तिकडं गेला. ज्या जिल्ह्यातल्या वस्त्या नावासाठी जळाल्या, त्या जिल्ह्यातल्या जिंतूरच्या पोराच्या मार्कशीटवर आज ते नाव नाही. स्वामी रामानंद तीर्थांचं आहे. त्यांचा अनादर मी करत नाही. हैदराबादच्या लढ्यातलं मोठं माणूस. पण हा हिशेब कुणी मांडत नाही म्हणून मांडला.

तर १९७८ साली म्हणणं काय होतं? बाबासाहेबांचं नाव लागलं की आमचं विद्यापीठ बाटतं. २०२४ साली म्हणणं काय आहे? तुम्ही आमचं नाव बॅनरवर लावलं की आमचं नाव बाटतं. चवदार तळ्याचा दावा आठवा. १९२७ साली बाबासाहेबांनी पाण्याला हात लावला, तर सनातन्यांनी कोर्टात काय सांगितलं? हे तळं सार्वजनिक नाहीच, आमच्या खाजगी मालकीचं आहे. हायकोर्टात तो दावा कोसळायला १९३७ साल उजाडलं. तळ्याच्या जागी नाव ठेवा आणि पुन्हा वाचा. संस्था चालते लोकांच्या पैशावर. पोरं तिथं शिकतात, राबतात, प्रबंध लिहितात, त्या प्रबंधांनी संस्थेचं नाव मोठं होतं. पण नाव वापरायची पाळी आली की नाव खाजगी.

मी गिरणीतला माणूस. मला हा समज-गैरसमजाचा मुद्दा पटतच नाही, कारण आमच्यात हे रोजचं आहे. कुठल्याही कारखान्याच्या गेटवर युनियनचा बोर्ड बघा. कारखान्याचं नाव आणि पुढं मजदूर युनियन. १९२६ च्या कायद्याखाली अशा हजारो युनियनी नोंदल्या गेल्या. त्या बोर्डाखाली उभं राहून कामगार मालकाला शिव्या घालतो, तेव्हा रस्त्यानं जाणाऱ्या एकाही शहाण्या माणसाला वाटत नाही की मालकच स्वतःला शिव्या घालतोय. नाव लावलंय ते आम्ही कुठले एवढं सांगायला. ‘जिंतूर तालुका’ असं बॅनरवर लिहिलं म्हणून तहसीलदाराचं मत झालं काय? अडाणी म्हणून हिणवलेल्या कामगाराला जे कळतं, ते पीएच.डी. देणाऱ्या संस्थेला कळू नये? कळतं हो. कळून घ्यायचं नसतं.

बरं, घटकाभर धरून चालू की गैरसमज होतो. होत असेल कुणाचा. मग त्यावर इलाज काय? याचं उत्तर महाराष्ट्र सरकारनं स्वतःच एकदा देऊन ठेवलंय. १९८७ साली सरकारनं बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड काढला, वसंत मून यांनी संपादलेला. त्यात ‘रिडल्स’. राम आणि कृष्ण यांच्यावरचं प्रकरण परिशिष्टात होतं, त्यावरून शिवसेनेनं रान उठवलं, अमरावतीत खंड जाळला गेला. फेब्रुवारी १९८८ मध्ये आपली माणसं लाखांनी मुंबईत उतरली. शेवटी तोड काय निघाली? परिशिष्ट राहील, पण खाली सरकारची एक तळटीप राहील की या मतांशी शासन सहमत नाही.

ही तळटीप मला आजही बोचते. ज्याच्या हातून राज्यघटना लिहून घेतली, त्याच्या पुस्तकाखाली सरकार हात झटकतं. पण आता टिसच्या निकालाशेजारी ती तळटीप ठेवा, म्हणजे तिचा दुसरा उपयोग दिसतो. छापखाना सरकारचा, पैसा सरकारचा, खंडावर नाव सरकारचं. तरी गैरसमज मिटवायला एक ओळ पुरली. टिसलाही एक ओळ लिहिता आली असती: मोर्च्यातली मतं विद्यार्थ्यांची आहेत, संस्थेची नाहीत. चार ओळींचं पत्रक, एक सही, विषय संपला. जिथं एका ओळीत भागतं तिथं दोन वर्षं घेतली, तेव्हा मामला गैरसमजाचा नसतो. धडा शिकवायचा असतो.

आता पैसा. मदत घेतोस आणि वर तोंड चालवतोस, हा सूर आपल्याला ओळखीचा आहे. पाटलाच्या वाड्यापुढं शिळं घेऊन जाणाऱ्याला हेच ऐकावं लागायचं. पण फेलोशिप म्हणजे बलुतं नव्हे. ती या देशाच्या तिजोरीतून येते आणि त्या तिजोरीत माझ्या काडेपेटीवरचा करसुद्धा पडतो. फेलोशिपच्या कुठल्या कागदावर लिहिलंय की पैसे घेईस्तोवर जीभ गहाण?

आणि शिक्षेचा हिशेब तर बघा. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४६ साली, स्थायी आदेशांचा कायदा झाला. कारखान्यात शिस्त कशी लावायची, चार्जशीट कशी द्यायची, चौकशी कशी करायची, हे मालकाच्या लहरीवर न ठेवता लेखी ठरवायचं, हा त्याचा गाभा. त्याखालच्या नमुना आदेशांत शिक्षा म्हणून निलंबन जास्तीत जास्त चार दिवस. चौकशी चालू असताना निलंबित ठेवलं, तर १९८२ च्या दुरुस्तीनं पहिले नव्वद दिवस अर्धा पगार, नंतर पाऊण. कारण सरळ आहे. चौकशी होईस्तोवर माणसानं खायचं काय? आता या संशोधकाकडं बघा. दोन वर्षं. गिरणी कामगाराला चार दिवस, विद्वानाला सातशेतीस. विद्यापीठं आपल्याला सांगतात की आम्ही ज्ञानमंदिर, आमचा न्याय वेगळा. वेगळा आहे खराच, कारखान्याहून मागासलेला आहे. (तो १९४६ चा कायदाही आता गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता आली आणि तिच्यात तीनशेहून कमी कामगारांच्या कारखान्याला स्थायी आदेश लागूच नाहीत. आमच्या जिनिंगवाल्यांनी कुठं बघायचं? पण तो विषय पुढच्या अंकाला ठेवू.)

निकालातली मला सगळ्यात जास्त खटकलेली जागा वेगळीच आहे. विद्यार्थ्याला मत आहे तसं संस्थेलाही मत असू शकतं, ही. वरवर कसं समतोल वाटतं बघा. दोघांनाही मत. तराजूची दोन पारडी. पण एका पारड्यातला माणूस दुसऱ्याला हाकलू शकतो, दुसरा फक्त बोलू शकतो. पाटलाला मत आहे तसं महारालाही मत आहे असं कुणी १९२० साली म्हटलं असतं तर ते खरंच होतं की. फक्त पाटलाचं मत हुकूम व्हायचं.

विद्यापीठाचं स्वातंत्र्य म्हणतात ते नेमकं कुणाचं? इमारतीचं का आत शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांचं? बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते. त्यांचे तिथले गुरुजी जॉन ड्यूई. १९१५ साली, म्हणजे बाबासाहेब तिथं शिकत असतानाच, अमेरिकेतल्या प्राध्यापकांनी आपली एक संघटना काढली, मतासाठी मास्तर लोकांना काढून टाकतात त्याला विरोध करायला. तिचे पहिले अध्यक्ष हेच ड्यूई. विद्यापीठ चालवणाऱ्या ट्रस्टींचा पैसा असला तरी अध्यापकाची जीभ त्यांच्या मालकीची नाही, ही त्यांची भूमिका. आणि दोनच वर्षांनी, १९१७ साली, त्याच कोलंबियानं युद्धविरोधावरून दोन प्राध्यापकांना काढलं. चार्ल्स बिअर्ड हा मोठा इतिहासकार त्याच्या निषेधात राजीनामा देऊन बाहेर पडला. एवढ्या मोठ्या विद्यापीठात हे झालं. तेव्हा विद्यापीठ मोठं म्हणजे छाती मोठी असं काही नाही.

आपल्या घटनेत ‘विद्यापीठीय स्वातंत्र्य’ असा शब्दच नाही. आहे ते कलम १९ (१) (अ): भाषण आणि अभिव्यक्ती. विद्यापीठातला माणूस त्याच्याच आधारानं उभा राहतो. आपली पोरं सभेत हे कलम छातीवर हात मारून सांगतात, टाळी घेतात आणि खाली बसतात. लेकांनो, त्याच्या खालचं १९ (२) कधी वाचलं? वाजवी निर्बंध तिथं आहेत. सुव्यवस्था, सभ्यता, कोर्टाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी, देशाची सुरक्षितता, परराष्ट्र मैत्री, आणि १९६३ पासून देशाची अखंडता. टिसचा निकाल वाचताना या यादीवर बोट ठेवून बघा. संस्थेच्या नावाला कमीपणा येणं हे त्यात कुठं बसतं? बदनामीत बसवायचं म्हटलं, तर बदनामी कुठल्या वाक्यानं झाली ते वाक्य दाखवावं लागेल. सरकारी धोरणाविरुद्ध मोर्च्यात चालणं ही संस्थेची बदनामी कशी, याचं उत्तर मला निकालात सापडलं नाही.

आणि १९ (२) चं बोलताना एक अवघड गोष्ट टाळून चालणार नाही. हे निर्बंध वाढवणारी पहिली घटनादुरुस्ती जून १९५१ मध्ये झाली, तेव्हा कायदेमंत्री बाबासाहेब होते. मुंबईच्या ‘क्रॉस रोड्स’ या डाव्या साप्ताहिकाला मद्रास सरकारनं केलेली बंदी आणि दिल्लीच्या ‘ऑर्गनायझर’ वरचं बंधन सुप्रीम कोर्टानं १९५० साली उडवलं, म्हणून सरकारनं कलम बदललं. त्यात सुव्यवस्था आली, चिथावणी आली. ‘वाजवी’ हा शब्दही तेव्हाच आला, त्यामुळं कोर्टाला निदान तपासायला जागा राहिली. पण त्याच दुरुस्तीनं कलम १५ (४) घटनेत आलं. मद्रासच्या चंपकम दोरायराजन खटल्यात कॉलेजातल्या राखीव जागा कोर्टानं रद्द केल्या होत्या, त्याला ते उत्तर. म्हणजे ज्या एका कायद्यानं आपल्याला कॉलेजचं दार उघडलं, त्याच कायद्यानं दारात जिभेवर पहारेकरी बसवला. आपले वक्ते १५ (४) सांगतात, १९ (२) गिळतात. उजवे उलटं करतात. दोन्ही एकत्र वाचायला पाहिजे. रामदाससारखा पोरगा १५ (४) च्या वाटेनं आत येतो आणि तोंड उघडलं की पहारेकऱ्याच्या हातात सापडतो. त्याच वर्षी, १० ऑक्टोबर १९५१ ला, राजीनाम्याचं निवेदन आधी दाखवलं नाही म्हणून खुद्द बाबासाहेबांना लोकसभेच्या जागी असलेल्या त्या सभागृहात ठरल्या वेळी बोलू दिलं नाही. ते उठून बाहेर आले आणि निवेदन वर्तमानपत्रांना दिलं. १९३६ साली लाहोरच्या जातपाततोडक मंडळानं भाषण बदला म्हटलं तेव्हाही त्यांनी हेच केलं होतं. बदल नाही, सभा गेली तर गेली, पदरच्या खर्चानं दीड हजार प्रती छापल्या. हॉल मिळाला नाही तर कागद. आपली ही चक्रमुद्रित पानं त्याच घराण्यातली आहेत.

आता एक शब्द घेऊ. ‘काळा’.

१५ ऑगस्ट १९७२ ला ‘साधना’ त राजा ढालेंचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ आला. लेखाच्या मुळाशी कुठलं गाव होतं? आपल्याच परभणी जिल्ह्यातलं ब्राह्मणगाव, जिथं आपल्या बायांना नागवं करून मारलं. ढालेंनी दोन दंडांची तुलना केली. झेंड्याच्या अपमानाला किती आणि बाईच्या अब्रूला किती. महाराष्ट्र उसळला तो झेंड्याच्या वाक्यावर. ब्राह्मणगावावर उसळला नाही. टीकाकारांनी शिवराळपणा मोजला, राग मोजला, दंडाची रक्कम मोजायची राहिली. ही वाचण्याची चूक होती आणि ती शिकलेल्यांनी केली.

पन्नास वर्षांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजातले प्राध्यापक जावेद अहमद हजाम यांनी मोबाईलच्या स्टेटसवर लिहिलं की ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस. ३७० कलम काढल्याचं त्यांना दुःख होतं, माणूस मूळचा बारामुल्लाचा. शिवाय १४ ऑगस्टला पाकिस्तानला शुभेच्छा दिल्या होत्या. हातकणंगल्याच्या ठाण्यात गुन्हा, १५३ अ. हायकोर्टानं एप्रिल २०२३ मध्ये गुन्हा रद्द करायला नकार दिला. सुप्रीम कोर्टानं ७ मार्च २०२४ ला रद्द केला. ‘काळा दिवस’ म्हणणं हा निषेध आहे, निषेध हा हक्क आहे आणि कलम १९ काय असतं हे पोलिसांना शिकवायची वेळ आली आहे, असा त्या निकालाचा रोख. शब्द कुठल्या माणसाच्या कानानं ऐकायचे, हेही कोर्टानं सांगितलं: खंबीर मनाच्या शहाण्या माणसाच्या, ज्याला चहूकडं धोकाच दिसतो त्याच्या नव्हे. ही कसोटी नागपूरची. १९४६ साली नागपूर हायकोर्टात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी घालून दिलेली.

कसोटी चांगली आहे. कविता वाचायलाही चांगली आहे. पण ती लागायला एकोणीस महिने लागले. त्या काळात गुन्हा डोक्यावर घेऊन माणूस वर्गात कसा उभा राहत असेल? आणि टिसच्या निकालात ही कसोटी कुठं गेली? बॅनर बघून कुणाचा गैरसमज झाला असेल तर तो खंबीर शहाण्याचा का डळमळीताचा, हे विचारायला नको होतं? तेच मुंबई हायकोर्ट दुसऱ्या वेळी नीट वाचतं, हेही सांगायला पाहिजे. मे २०२५ मध्ये पुण्यातल्या १९ वर्षांच्या इंजिनिअरिंगच्या पोरीला एका पोस्टवरून अटक झाली, कॉलेजनं नाव काढून टाकलं. पोरीनं पोस्ट काढली होती, माफी मागितली होती. २७ मे ला हायकोर्टानं सरकारला आणि कॉलेजला झापलं, तिला सोडलं, कॉलेजचा हुकूम थांबवला. मग कायदा एकच असून वाचन असं बदलतं कसं? आम्ही कवितेच्या बाबतीत याला समीक्षकाची अभिरुची म्हणतो. पोरांच्या आयुष्याच्या बाबतीत काय म्हणायचं?

आणि आपली अभिरुची? ५ जानेवारी २००४ ला पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. जेम्स लेन या अमेरिकन प्राध्यापकाच्या शिवाजीवरच्या पुस्तकावरून. त्यातली जिजाऊंबद्दलची ओळ मलाही घाणेरडी वाटते. पण पोथ्या फाडल्यावर आपल्यातले पुष्कळजण मनातून खूश झाले, कारण संस्था बामणांची. सरकारनं पुस्तकावर बंदी घातली. त्या बंदीविरुद्ध हायकोर्टात कोण गेलं माहीत आहे? अॅडव्होकेट संघराज रूपवते आणि आनंद पटवर्धन वगैरे. एप्रिल २००७ मध्ये बंदी उठली, जुलै २०१० मध्ये सुप्रीम कोर्टानं ते कायम केलं. चौथ्या खंडाची होळी झाली तेव्हा आपण जे म्हणत होतो, तेच या अर्जदारांनी दुसऱ्याच्या पुस्तकासाठी म्हटलं. २०१० साली मुंबई विद्यापीठानं रोहिंटन मिस्त्रींची कादंबरी एका पुढाऱ्याच्या नातवानं तक्रार केली म्हणून अभ्यासक्रमातून काढली, तेव्हा आपल्या किती मासिकांनी ओळ लिहिली? २ फेब्रुवारी २०२४ ला सावित्रीबाईंचं नाव असलेल्या पुणे विद्यापीठात ललित कला केंद्राच्या पोरांचं नाटक उधळलं आणि वर विभागप्रमुख प्रवीण भोळे आणि पाच विद्यार्थ्यांनाच अटक झाली. आपल्याला वाटतं, ते त्यांचं भांडण. पहारेकरी एकच आहे बाबा.

टिसची एक गोष्ट राहिली. ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या प्रवेशाच्या पोरांकडून सही घ्यायला जो कागद निघाला, त्यात राजकीय, देशविरोधी आणि प्रस्थापितविरोधी चर्चेपासून लांब राहीन अशी हमी होती. प्रस्थापितविरोधी! मित्रा, हा शब्द आपला आहे. लघुनियतकालिकवाल्यांनी साठ-सत्तर साली तो मिरवला, दलित साहित्याची तर ती ओळखच झाली. मिलिंद कॉलेजात बाबासाहेबांनी पोरं जमवली, तिथं म. ना. वानखेडे आले, पानतावणे आले, ‘अस्मितादर्श’ निघालं. ते सगळं प्रस्थापितविरोधी चर्चेतूनच झालं आणि कॉलेजच्या आवारातच झालं. त्या पोरांकडून अशी सही घेतली असती तर दलित साहित्यच निघालं नसतं. आज कुणी दलित साहित्यावर पीएच.डी. करायला गेला, तर त्यानं विषय उच्चारायचा कसा?

याच परभणीत १० डिसेंबर २०२४ ला स्टेशनजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढची संविधानाची प्रतिकृती फोडली. दुसऱ्या दिवशी बंद, मग पोलिसांची धरपकड. त्यात सोमनाथ सूर्यवंशी. वडार समाजाचा, कायद्याचा विद्यार्थी. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना गेला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळं आलेला धक्का असं कारण लिहिलं होतं. आई विजयाबाई कोर्टात गेल्या. ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवायला सांगितलं. सरकार त्याविरुद्ध वर गेलं, ३० जुलैला सुप्रीम कोर्टानं सरकारला परत पाठवलं. ज्या पुस्तकावर परीक्षा द्यायची तेच पुस्तक काचेसकट फुटलं होतं, आणि त्याबद्दल रस्त्यावर उतरलेल्यांची धरपकड झाली. मी याच्यावर आणखी लिहू शकत नाही.

रामदासचं पुढं काय झालं? २ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं त्याचं निलंबन भोगून झालं तेवढ्यावर आणलं आणि पीएच.डी. पुरी करायला परत घ्या म्हटलं. एक वर्ष नि चौदा दिवस गेले होते. पोरगा परत आत गेला याचा आनंद आहे. पण शिक्षा कमी झाली, पुसली गेली नाही. बॅनरवर नाव लावणं हा गुन्हा आहे का, हे हायकोर्टानं जिथं नेऊन ठेवलं तिथंच जवळपास पडून आहे. उद्या नांदेडच्या विद्यापीठाखालच्या कुठल्या कॉलेजातल्या पोरांनी शिष्यवृत्ती थकली म्हणून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला आणि फलकावर कॉलेजचं नाव लिहिलं, तर प्राचार्याच्या टेबलावर १२ मार्चचा निकाल असेल. तेव्हा पोरांनी फलकावर नाव लिहावंच. फक्त खिशात १९ (२) ची यादी ठेवावी आणि नोटीस आली तर पहिल्या उत्तरात एवढंच विचारावं: यातल्या कितव्या शब्दाखाली? लेखी द्या.